गावाचं शहर होताना : वांद्र्याची गोष्ट

आज सुरुवात माझ्याच गावापासून करते. मागच्या महिन्यात आमच्या गावठाणावर ड्रोन फिरला. पोरं त्याच्यामागे धावली, म्हाताऱ्या माणसांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. आदल्या दिवशी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. त्या रेघांवरून आमच्या आळीत दोन भांडणं झाली. भांडणं पुरुषांनी केली, मिटवलीही पुरुषांनीच. रोज ते अंगण झाडणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्या माहितीप्रमाणे हद्द कुठवर आहे?

त्या रात्री मला वांद्र्याची आठवण झाली. हो, तेच मुंबईचं वांद्रे, जिथं सिनेमातली माणसं राहतात म्हणून आपण ऐकतो. तिथं मी पहिल्यांदा गेले ती मावशीबरोबर, मोतमावलीच्या जत्रेला. गर्दीतून वाट काढताना आम्ही चुकलो आणि एका अरुंद गल्लीत शिरलो. आणि काय बघते, तर कौलारू घरं, लाकडी कठड्याचे व्हरांडे, बाहेरून वर जाणारा जिना, चौकात पांढरा क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. एका व्हरांड्यात एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी वाट विचारली आणि सहज म्हणाले, "आजी, तुम्ही मुंबईत किती वर्षं राहता?" आजी हसल्या. म्हणाल्या, "आम्ही गावात राहतो, बाय. मुंबई आमच्याकडे राहायला आली."

आजचं बोलणं आजींच्या त्या वाक्याबद्दल आहे. शहर गावाकडे राहायला येतं म्हणजे नेमकं काय होतं? काय मिळतं, काय जातं, आणि जे टिकतं ते कुणामुळे टिकतं?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. आजची मुंबई सलग दिसते, पण पूर्वी ती तशी नव्हती. दक्षिणेला सात छोटी बेटं होती, ती मुंबई. त्यांच्या उत्तरेला साष्टी नावाचं मोठं बेट. मधे माहीमची खाडी. खाडीच्या अलीकडे माहीम, पलीकडे साष्टीच्या टोकाला वांद्रे. बंदर या शब्दावरून वांद्रे नाव आलं असं मानतात. हे एकच गाव नव्हतं, छोट्या छोट्या वाड्या-पाड्यांचा पुंजका होता. रानवार, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी, चुईम अशी त्यांची नावं. समुद्राला लागून चिंबई, तिथं कोळी. आत भातशेती, ताडामाडाची झाडं, भाजीचे मळे. म्हणजे आपल्या कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावासारखंच.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी आली, मुंबईही आली. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि मुंबई बेट आंदणात गेलं. लेकीच्या लग्नात आपण भांडी देतो, त्यांनी बेट दिलं! पण साष्टी दिली नाही. त्यामुळे माहीमची खाडी म्हणजे दोन राज्यांमधली सरहद्द झाली. एका काठावर इंग्रज, दुसऱ्या काठावर पोर्तुगीज. आणि मधे मासे मारणारे कोळी, ज्यांना या सोयरिकीत कुणी काही विचारलं नव्हतं.

वांद्र्याच्या टोकाला १६४० साली पोर्तुगीजांनी छोटा किल्ला बांधला. त्याचं नाव आग्वाद. गोव्यातही याच नावाचा मोठा किल्ला आहे. आग्वाद म्हणजे पाणी भरण्याची जागा. तिथं गोड्या पाण्याचा झरा होता आणि येणारी-जाणारी गलबतं तिथं पाणी भरून घेत. मैत्रिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात किल्ला म्हटला की तोफा येतात. पण या किल्ल्याचं नाव पाण्यावरून पडलंय. पाणी जिथं, तिथं वस्ती, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पोर्तुगीजांच्या काळात जेझुइट पाद्री आले, चर्च उभी राहिली, आणि इथल्या अनेक कुणबी, कोळी, भंडारी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कुणी मनापासून, कुणी सोयीसाठी, कुणी धाकाने. पण धर्म बदलला तरी बोली राहिली. घरात बोलायची ती मराठीच, त्यात पोर्तुगीज शब्द मिसळलेले. बायकांनी लुगडं सोडलं नाही. भाताचं पीक, मासे, पाटा-वरवंटा, लग्नातली गाणी, सगळं इथल्या मातीचंच राहिलं.

पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या फौजांनी साष्टी आणि वसई जिंकली. त्या धामधुमीत वांद्र्याचा किल्ला पाडला गेला, डोंगरावरचं मारियेचं देऊळही उद्ध्वस्त झालं. कोळी सांगतात की त्यांच्यातल्या एकाला स्वप्न पडलं आणि मग समुद्रात जाळ्याला मूर्ती लागली. १७६१ च्या सुमारास डोंगरावर देऊळ पुन्हा उभं राहिलं. तीच ही मोतमावली. नावात माऊली आहे, ते उगीच नाही. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून घेतली, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य आलं.

राज्य एक झालं, पण खाडी होतीच. वांद्र्याहून मुंबईला जायचं तर होडी. भाजी, दूध, मासे घेऊन माणसं होडीतून जात. पावसाळ्यात, भरतीच्या वेळी होड्या उलटत, माणसं बुडत. सरकारदरबारी रस्ता बांधा म्हणून मागणी होती, पण कंपनी सरकार पैसे काढेना.

इथं आपल्या गोष्टीत एक बाई येते. आवाबाई जमशेटजी जीजीभॉय. मुंबईचे मोठे पारशी व्यापारी जमशेटजी यांच्या त्या पत्नी. ज्यांच्या नावाने जे. जे. रुग्णालय आहे, तेच हे जमशेटजी. आवाबाईंनी रस्त्यासाठी आधी एक लाख रुपये दिले. ते पुरेनात, तेव्हा आणखी दिले. मिळून दीड लाखाहून जास्त. १८४५ साली माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता खुला झाला. या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडून पट्टी घ्यायची नाही, अशी अट बाईंनी घातली होती असं सांगतात. आजही माहीम-दादर भागातल्या मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, लेडी जमशेटजी रोड. पण त्या नावातही आवाबाई दिसत नाहीत बरं का. रोज लाखो माणसं त्या रस्त्याने जातात आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं, कुणीतरी जमशेटजीने बांधला असेल.

रस्ता झाला आणि बुडणाऱ्यांचे जीव वाचले. वांद्र्याची भाजी सकाळी निघून सकाळीच बाजारात पोचू लागली. पण त्याच रस्त्याने मुंबई वांद्र्याकडे चालत आली. १८६० नंतर रेल्वे आली. १८७६ साली वांद्र्याची स्वतःची नगरपालिका झाली. टेकडीवर श्रीमंतांचे बंगले उठले.

याच काळात इथल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी एक नाव घेतलं. रेल्वेत, कचेऱ्यांत नोकऱ्या निघाल्या होत्या. गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती माणसं त्यासाठी येत होती. सगळ्यांची नावं डिसोझा, परेरा अशीच. मग आम्ही इथलेच, हे सांगायचं कसं? १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव लावलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातली आम्ही मूळची प्रजा, असा त्याचा अर्थ. नाव ऐकून वाटतं, कुठली तरी परदेशी माणसं. पण ती आहेत आपल्याच मातीतली, मराठी बोलणारी. आपल्याच गावात आपण इथले आहोत हे सांगण्यासाठी नवं नाव घ्यावं लागलं, हे लक्षात ठेवा. शहर आलं की पहिला प्रश्न हाच येतो.

मग १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. याच साथीत पुढच्या वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई गेल्या. मुंबईतून माणसं पळाली, काही उपनगरांत आली, आणि साथही मागोमाग आली. लोकांनी चौकाचौकात क्रूस उभारले आणि तिथं जमून प्रार्थना केल्या. वांद्र्याच्या गल्ल्यांत दिसणाऱ्या क्रुसांपैकी कितीतरी त्या वेळचे आहेत. आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत, तशीच ही माणसांची धडपड. भीती एकट्याने सोसवत नाही, म्हणून चौकात यायचं. साथ गेली, पण संध्याकाळी क्रुसापाशी जमायची रीत राहिली. आजही मे महिन्यात अशा चौकांतून बाया-मुलं प्रार्थनेला उभी राहतात.

साथीनंतर मोकळ्या हवेसाठी मुंबईकर आणखी उत्तरेला सरकले. भाताची खाचरं विकली गेली, रस्ते आखले गेले. १९१८ साली साष्टीतल्या कॅथलिक लोकांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली आणि शेताच्या जागी घरांच्या ओळी आल्या. १९५० साली वांद्रे मुंबई महापालिकेत गेलं. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती, इमारतींच्या जागी टॉवर. शंभर वर्षांत शेतं गेली. राहिली ती फक्त गावठाणं, चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधे खोलगट भांड्यासारखी.

आता या भांड्यात काय टिकलं ते बघू. आणि कुणामुळे, तेही.

पहिलं, मसाला. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेच्या उन्हात ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा मसाला होतो. मिरच्या, धणे, हळकुंड, तीळ, खसखस असे वीस-पंचवीस जिन्नस वाळवायचे, एकेक वेगळं भाजायचं आणि कुटायचं. कुटायला बाया घरोघर येत, लाकडी उखळ आणि लांब मुसळं घेऊन, तालात. मग तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही. म्हणून त्याचं नावच बाटली मसाला. कुठल्या घरात काय किती घालतात, ते आई लेकीला किंवा सुनेला सांगते, बाहेर नाही. आज अनेक बायका हाच मसाला करून विकतात आणि त्यावर घर चालवतात. तुमच्यापैकी ज्यांचे गट मसाला करतात, त्यांना हे ऐकून आपलंच वाटेल.

दुसरं, लग्नातलं पाणी. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बाया नटून, लुगडी नेसून, वाजत गाजत विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. म्हणजे चर्चमध्ये लग्न, आणि विहिरीला मान. पण ही रीत पाळायची तर विहीर हवी, विहिरीकडे जाणारी वाट हवी आणि हाक मारली की निघणाऱ्या शेजारणी हव्यात. विहीर बुजवून तिथं गाड्या लावायची जागा केली, तर एक विहीरच नाही, एक रीत बुजते.

तिसरं, आगेरा. हा नव्या भाताचा सण, ऑक्टोबरमध्ये. नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. वांद्र्यात आता भात नाही, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरी सण करतात. शेत नसताना शेताचा सण कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आपण शेतकरी होतो याची ती वर्षाची नोंद आहे.

चौथं, कोळणींचा बाजार. दर्यावर पुरुष जातो, पण किनाऱ्याला लागलेली मासळी बाईच्या हातात येते. निवडणं, वाळवणं, भाव करणं, विकणं, उधारी लक्षात ठेवणं सगळं तिचं. पैसा तिच्या कनवटीला. म्हणून कोळीवाड्यात बाईचा आवाज मोठा, आणि तो नुसता गळ्याचा नाही, व्यवहाराचा आहे.

आणि पाचवी, जत्रा. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, मुसलमान, पारशीही येतात. मेणाच्या वस्तू वाहायच्या. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं तर मेणाचं बाळ, घर हवं तर मेणाचं घर. माझ्या मावशीने घर वाहिलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, फुलं, खाजं विकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायाच दिसल्या मला.

आता नाण्याची दुसरी बाजू. ३० जून २००९ रोजी वांद्रे आणि वरळीला जोडणारा समुद्रावरचा पूल खुला झाला. साडेपाच किलोमीटरहून लांब, दिसायला देखणा. आवाबाईंचा रस्ता आणि हा पूल, दोन्ही वांद्र्यातूनच सुरू होतात, पण फरक बघा. आवाबाईंच्या रस्त्याने डोक्यावर पाटी घेतलेली बाई चालत जाऊ शकते, फुकट. या पुलावर टोल आहे, आणि पायी चालणाऱ्याला मनाई. दुचाकीला आणि रिक्षालाही मनाई. ज्या कोळ्यांच्या पाण्यावर तो उभा आहे, त्यांची कोळीण मासळीची पाटी घेऊन त्यावरून जाऊ शकत नाही. भरावामुळे आणि खांबांमुळे होड्यांची वाट आणि पाण्याचा ओघ बदलला, मासळी कमी झाली, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे.

पण खरं सांगायचं तर आवाबाईंच्या रस्त्यानेही खाडी थोडी आवळलीच. त्यानंतर भरावावर भराव पडले. मिठी नदीच्या काठची खाजणं बुजवून १९७० नंतर मोठमोठ्या कचेऱ्यांची वसाहत उभी राहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वर भरती. मिठीला पसरायला जागा नव्हती. पाणी घराघरांत शिरलं, शेकडो माणसं गेली. कोळी आणि आगरी म्हातारी माणसं खाजणाला पाण्याचं घर म्हणत आली होती. ते ज्ञान कुठल्या नकाशावर नव्हतं.

आणि इथंच मला आमच्या चुन्याच्या रेघांकडे परत यायचंय. मुंबईतल्या कित्येक गावठाणांची आणि कोळीवाड्यांची हद्द नीट मोजून, ठरवून द्या, ही तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. घर पिढ्यांचं, पण कागद अपुरा. आणि जी जागा सगळ्यांची, तिचा तर कुणाच्याच नावे कागद नाही. जाळी पसरायची जागा, होड्या ओढून ठेवायची पुळण, बोंबील वाळवायचं मैदान, विहिरीचा काठ. कागदावर ती मोकळी सरकारी जागा दिसते. शहराला मोकळी जागा दिसली की ते तिच्यावर काहीतरी बांधतं. आपल्याकडचं गायरान, पाणवठा, खळ्याची जागा, वाळवणाचा कट्टा, यांचं वेगळं काय आहे?

मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या गावाशेजारून महामार्ग जाईल, कारखाना येईल, प्लॉटवाले येतील. ते येऊच नये असं मी म्हणत नाही. रस्त्याने जीव वाचतात, हे वांद्र्यानेच दाखवलं. पण शहर आपल्याकडे राहायला येईल, तेव्हा घर कुणाचं हे आधी लिहिलेलं असावं.

म्हणून आज एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते जमा करून झाले की एक मोठा कागद पसरा. त्यावर आपल्या गावाचा नकाशा बायांनी काढायचा. विहिरी, बुजलेल्यासुद्धा. पाणंद, ओढा, पावसात पाणी साठतं ती जागा, सरपणाची वाट, वाळवणाची जागा, जत्रेचं मैदान. प्रत्येकीला तिचं नाव घाला. गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला मधे बसवा, तिला सगळं माहीत असतं. तो नकाशा घेऊन ग्रामसभेला जा आणि यातल्या कुठल्या जागा सरकारी कागदावर आहेत, ते विचारा. आणि दुसरं, घरी गेल्यावर ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून बघा. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर तुमचं नाव आहे का? ड्रोन फिरून गेलेल्या गावांत मिळकतीचा कागद हातात येईल, तेव्हा तोही वाचून घ्या. नाव नसेल तर लावून घ्यायचा अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा ते पुढच्या वेळी आपण मिळून बघू.

मी माझ्या घराचा नमुना आठ बघितला. त्यात माझं नाव नव्हतं. वीस वर्षं सारवलेलं घर, मैत्रिणींनो. अर्ज दिलाय. काय होतं, ते तुम्हाला सांगेनच.